बोलतं चाक

कोंडाजी फिटरला रेल्वेनं घरी बसवलं ते विजेमुळं. बोरघाटात विजेची इंजिनं धावू लागली, लोणावळ्याच्या शेडमधली कोळशाची इंजिनं कमी झाली, आणि वाफेच्या गळत्या बुजवण्यात ज्यांची उमर गेली त्या माणसांना साहेबानं एकेक करून नारळ दिला. विजेचं पाणी लोणावळ्याच्या तलावांचं, तारा मावळच्या शेतांवरून गेलेल्या, आणि कोंडाजीच्या कार्ल्यात मात्र रॉकेलची चिमणी. त्यात आता ही वीज माणसांच्या पोटावरही आली. कोंडाजी तेव्हा पंचेचाळिशीत होता. चोवीस वर्षं त्यानं मळवलीहून पहाटेची गाडी पकडली होती आणि संध्याकाळी अंगाला तेलाचा वास घेऊन तो घरी आला होता.

शेडमध्ये एका कामात त्याचं नाव होतं. इंजिनाच्या आसाला बारीक चीर गेली असली तर ती डोळ्यांना दिसत नाही. कोंडाजी आस रॉकेलनं धुवायचा, फडक्यानं कोरडा करायचा, वर खडूची पूड चोळायचा आणि बिडी ओढत बसायचा. चीर असली की तिच्यात मुरलेलं रॉकेल वर येई आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटे. अशा किती रेघा त्यानं शोधल्या आणि त्यामुळं घाटात किती माणसं मरायची वाचली, हे कुणी मोजलं नाही. पण हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं जे झालं ते याच माणसाच्या हातून झालं.

त्याच सुमारास शेडमधली पट्ट्यावर चालणारी जुनी यंत्रंही मोडीत निघाली. त्यांत एक लेथ होता, लाकूड-लोखंड गोल कातायचं यंत्र. पाय तुटलेला, दातेरी चाकाचे अकरा दात गेलेला, अंगावर गंजाचे पोपडे. तो भंगारवाल्याकडं जायचा होता. कोंडाजीनं मध्येच हात घातला. शेवटच्या पगारातून म्हैस येईल म्हणून त्याची बायको बयाबाई दारात वैरण रचून बसली होती. आला तो लेथ. शेजारच्या नथूची बैलजोडी लावून, खाली ओंडके सरकवत तो परड्यात उतरवला तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. दत्तोबा म्हातारा लेथभोवती एक फेरी मारून म्हणाला, "जनावर धिप्पाड हाय. पन दूध कुटून काडायचं?"

सगळे हसले. बयाबाई हसली नाही. तिनं वैरण उचलून नथूच्या गोठ्यात नेऊन टाकली. मूलबाळ नव्हतं, घरात दोनच माणसं, त्यामुळं भांडणही फार लांबत नसे.

आता कुणी विचारेल, शेतकऱ्याच्या घरच्या माणसाला हे काय सुचलं? कोंडाजीलाही ते नीट सांगता येत नव्हतं. चोवीस वर्षं तो दुसऱ्याच्या इंजिनाचे तुकडे घासत आला होता. तुकडा झाला की कुणी तरी घेऊन जाई, आणि तो कुठं बसला, कसा फिरला, हे त्याला कधी दिसत नसे. एक वस्तू, लाकडाची असो की लोखंडाची, पहिल्यापासून शेवटपर्यंत आपली, एवढीच त्याची हौस. गावात भावाबरोबर वाट्याची भातखाचरं होती, पोटाला अडत नव्हतं. अडलं होतं ते हातांचं. रिकामे हात त्याला खात होते.

परड्यातला पडका गोठा त्यानं शाकारला. लेथला पाय हवेत, तेही असे की यंत्र फिरताना थरथरलं नाही पाहिजे. त्यासाठी आला अंबाजी सुतार. अंबाजी आणि कोंडाजी एका वयाचे, इंद्रायणीच्या एकाच डोहात पोहायला शिकलेले. गावचं सगळं लाकूडकाम अंबाजीच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं होतं. नांगर, कुळव, गाड्यांची चाकं, दारं, पाळणे, सगळं तो करायचा आणि त्याबद्दल प्रत्येक खळ्यावरून त्याला भाताच्या पेंढ्या मिळायच्या. त्यानं एक जुनी ऐनाची तुळई आणली आणि सहा दिवस खपून तिचा असा भक्कम घोडा केला की त्यावर हत्ती उभा राहिला असता. कोंडाजीनं लेथवर पाण्यानं भरलेली परात ठेवली आणि पाणी कुठं झुकतं ते बघत खाली पाचरी मारायला लावल्या.

"आरं, आता लेथ ठिवतुयास का देव बसवतुयास?" अंबाजी वैतागून म्हणाला.

"केसभर बी नगं हलाया," कोंडाजी म्हणाला. "केसभर हललं तर सूतभर चुकतं."

"लाकडाला केस आन् सूत कळत न्हाई बाबा. लाकडाला पाऊस आन् ऊन, दोनच कळतंय."

कोंडाजीनं ते ऐकलं आणि पाचर मारली. मोडलेले अकरा दात त्यानं पितळेच्या तुकड्यांतून कानशीनं घासून घासून काढले. त्यात अख्खा पावसाळा गेला. खंडाळ्याच्या एका बंगल्यात पाणी ओढायच्या पंपाचं जुनं बिडाचं चाक पडलं होतं, तिथल्या माळ्यानं ते देऊन टाकलं. मोटेच्या जुन्या चामड्याचा पट्टा केला. तो निसटू नये म्हणून त्याला राळ चोळली. ते मोठं चाक दांडीनं फिरवायला कुणी तरी लागणार होतं. पहिल्या दिवशी कोंडाजी इकडंतिकडं बघत उभा राहिला. बयाबाईनं पदर खोचला आणि दांडी धरली.

"म्हशीचं दूध काडलं असतं, त्याच्या जागी ह्ये," ती म्हणाली, आणि चाक फिरलं.

पहिलं लाटणं निघालं. कोंडाजीनं ते तिच्या हातात ठेवलं. तिनं गालाला लावून बघितलं. मग दुसऱ्या दिवशी तिनं न सांगताच दांडी धरली. लाटणी झाली, रव्या झाल्या, बाजल्याचे पाय झाले, गावातल्या पोरांना भोवरे झाले. कोंडाजी कुणाकडून काही घेत नसे. हौसेला मोल कसलं, असं तो म्हणायचा. प्रत्येक वस्तूवर तो पटाशीच्या टोकानं तीन बारीक रेघा गोल फिरवायचा, केसासारख्या, एकीपासून दुसरी अगदी सारख्या अंतरावर. हातानं कुणाला अशा काढता आल्या नसत्या. ती दोन वर्षं त्या नवरा-बायकोची सगळ्यात सुखाची गेली. सुखाचीच म्हणायला हवीत, पुढचं माहीत असूनही.

अंबाजी अधूनमधून यायचा, घोड्यावर थाप मारायचा, बिडी ओढून जायचा. लाटण्यांनी त्याचं काही बिघडत नव्हतं.

बिघडलं ते नथूच्या गाडीवरून. ज्येष्ठ संपत आला होता. नथूच्या गाडीचे दोन्ही तुंबे, म्हणजे चाकाच्या मधले ज्यात आरे बसतात ते लाकडी गड्डे, खिळखिळे झाले होते. तो अंबाजीकडं गेला. अंबाजी म्हणाला, औंदा न्हाई. बाभळीचे ओंडके ओढ्याच्या चिखलात टाकलेत, एक पावसाळा तिथं कुजट पाणी पितील, मग दोन उन्हाळे सावलीत, टोकांना शेण लावून. त्यानंतर तुंबा. तोवर जुन्याला पाचरी मारून देतो.

नथूला घाई होती. नथूलाच काय, सगळ्यांनाच असते. तो कोंडाजीच्या परड्यात आला आणि म्हणाला, "भाऊ, एवडं विलायती यंत्र दारात आन् मी दोन सालं थांबू?"

कोंडाजीचे डोळे चमकले. लाटणी कातून तो कंटाळला होताच. नथूच्या बांधावरची बाभूळ तोडली, आणि आठव्या दिवशी दोन तुंबे तयार. काय तुंबे होते! गुळगुळीत, गोल, तीन रेघांचे. मधलं भोक लेथवर असं नेमकं पाडलं की लोखंडी नळा आत ठोकून बसवताना केसभरही फट राहिली नाही. आरे तसेच घट्ट. अंबाजीच्या हातची गाडी गावात शिरली की अर्ध्या कोसावरून कुईकुई ऐकू यायची. नथूची गाडी निघाली ती मांजरीच्या पावलांनी. पोरं तिच्यामागं पळत गेली, आवाज कुठं गेला ते शोधायला.

मग काय विचारता. दिवाळीपर्यंत सात गाड्यांचे तुंबे झाले. दत्तोबानं करून घेतले, रखमाजीनं करून घेतले. बयाबाईचे दंड दुखायचे, तरी ती कुणाला नाही म्हणाली नाही. नवऱ्याचं नाव होत होतं.

भातं झोडली आणि अंबाजी नेहमीप्रमाणं खळ्यांवरून फिरला. नथू म्हणाला, "आबा, औंदा तुमी आमचं काय क्येलं?" दत्तोबानं अर्ध्या पेंढ्या दिल्या. रखमाजीनं दिल्या त्या भिजलेल्या.  अंबाजी सरळ कोंडाजीच्या परड्यात आला. तिथं सातव्या गाडीचं चाक टेकवून ठेवलं होतं, आणि चाकाचं कौतुक करायला पाचसहा जण बसलेले होते. अंबाजीनं खाली बसून तुंब्याला नख लावलं, वास घेतला.

"कोंडाजी, ह्ये लाकूड वलं हाय."

"वलं कसलं? वाजवून बघ."

"वलं हाय तवर समदंच घट वाजतंय. लाकूड सुकलं की आकसनार. आतला नळा लोखंडाचा, त्यो काय आकसत न्हाई. मग लाकूड जाईल कुटं? फुटंल. म्हनून आमी जरा सैल ठिवतो. गाडी कुरकुरती, कुरकुरू दे की. बोलतं चाक बरं असतंय, कुटं दुकतंय त्ये सांगतंय. तुजं चाक मुकं हाय."

सगळे कोंडाजीकडं बघत होते. तो एकटा असता तर कदाचित त्यानं विचार केला असता. पण कौतुकाला बसलेली माणसं समोर होती, आणि चोवीस वर्षं तो जे शिकला होता त्यात सैल म्हणजे चूक, घट्ट म्हणजे बरोबर. लोखंडाचा धडा त्यानं लाकडाला लावला होता आणि तो चुकू शकतो हे त्याला पटेना.

"अंबाजी," तो म्हणाला, "तुजं ढिलं काम झाकाया लाकडाला कशापायी नावं ठिवतुयास?"

लोक खो खो हसले. अंबाजी उठला. त्यानं स्वतः केलेल्या घोड्यावर, लेथच्या पायांवर, एकदा हात फिरवला आणि गेला. पौष लागला तसं त्याचं बिऱ्हाडही गेलं. वाकस, करवत, किंकरी एका गोणीत, बायको-मुलं मागून. कुणी म्हणालं वडगावला, कुणी म्हणालं त्याच्याही पुढं. कोंडाजी त्या दिवशी परड्यातून बाहेर आला नाही. बयाबाई वेशीपर्यंत गेली होती. परत येऊन ती चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "म्हागारी बोलवा त्यास्नी."

"त्यो आपसूक यील," कोंडाजी म्हणाला.

चैत्रात एकदा नथूची गाडी दारात सुटली होती. बयाबाई उकिरड्यावरून येताना थांबली, वाकली.

"अवो, हितं रेघ कसली?"

"तीन रेघा मीच पाडल्यात की."

"त्या आडव्या. ही उबी हाय."

कोंडाजी आला. तीन गोल रेघांना छेदत एक केसभर रेघ तुंब्याच्या टोकाकडं गेली होती. त्यानं बोट फिरवलं. "लाकडाची शीर हाय ती," तो म्हणाला, आणि तिच्यात राळ आणि वंगण भरून वरून फडकं फिरवलं. रेघ दिसेनाशी झाली. ज्या माणसानं चोवीस वर्षं खडूवरची काळी रेघ बघून इंजिनं थांबवली, त्यानं ही रेघ बुजवली. घरात रॉकेलची बाटली होती. भिंतीवर खडू होता. मला अजून कळत नाही, हात का नाही गेला? लोक म्हणतात, नशीब. मी म्हणेन, अंबाजी खरा निघाला असता, म्हणून.

वैशाखात वराळ्याला नथूच्या मेहुणीचं लग्न होतं. नथूची गाडी निघाली. गाडीत नथूची माय, शेजारपाजारच्या दोन बायका आणि कडेला बयाबाई, लग्नात द्यायची लाटणी फडक्यात बांधून मांडीवर घेतलेली. कोंडाजी पुढं नथूशेजारी. ऊन असं की रस्त्याच्या खडीला हात लावता येईना. कामशेतच्या खिंडीत उताराला लागल्यावर मागून येणाऱ्या गाडीवाल्यांना कोंडाजी ओरडून म्हणाला, "ऐका रं, हाय का आवाज?" आवाज नव्हता. बैल वेगात होते, आणि तुंबा उभा दोन फाकांत उघडला. कुरकुर नाही, कडकड नाही, एकदम आरे सुटून पसरले. गाडी कडेला बसली आणि उलटली. बाकीच्या बायका फेकल्या गेल्या. बयाबाई गाडीखाली आली.

गाडी उचलायला आठ माणसं लागली. बयाबाई तासभर जिवंत होती. पाणी मागत होती आणि ते गिळता येत नव्हतं. कोंडाजी ओल्या फडक्यानं तिचे ओठ पुसत राहिला. मग तिनं पाणी मागायचं थांबवलं.

दहावं झालं आणि त्याच दिवशी कोंडाजी रॉकेलची बाटली आणि खडू घेऊन निघाला. डोक्याचा गोटा केलेला, पायांत काही नाही. घरोघर जाऊन म्हणायचा, "चाकं दावा." कुणी दाखवली, कुणी तोंड फिरवलं. दत्तोबा म्हणाला, "कोंडाजी, तुज्या घरचं दुक मोटं हाय, पन माजी चाकं धड हायत." कोंडाजी खाली बसला. तुंबा धुतला, पुसला, खडू चोळला, आणि हात मांडीवर ठेवून थांबला. सगळं घर बघत होतं. पांढऱ्यावर काळी रेघ उमटली, वीतभर. दत्तोबाची सून ओरडली, कारण तिची पोरं त्याच गाडीत बसून रानात जायची. दत्तोबानं स्वतः कुऱ्हाड आणून दिली.

पाच घरी पाच गाड्या, प्रत्येक तुंब्याला रेघ. कोंडाजीनं ते सगळे परड्यात आणून फोडले आणि जाळले. आतून अजून ओली असलेली बाभूळ नुसती धुमसत राहिली. नथूची धरून सहा गाड्या झाल्या. सातवी रखमाजीची. रखमाजी मान खाली घालून म्हणाला, "शिमग्याच्या टायमाला इकली म्या. तळेगावच्या बाजारात. कोळशाची वाहतूक करनारा कोन डोंगरातला व्हता. नाव न्हाई ठावं."

"बैल कसं व्हतं?"

"त्याचं त्यानं लावलं. एकाचं शिंग मोडकं व्हतं."

तेवढ्या मोडक्या शिंगावर कोंडाजी निघाला. तळेगावचा बाजार, पवन मावळ, नाणे मावळ, जिथं कोळशाच्या भट्ट्या पेटत तिथं तिथं. शिंगं मोडकी असलेले बैल देवानं पुष्कळ केलेत. चार महिन्यांनी पायांना फोड आणून तो परतला आणि मुंबई-पुणे रस्त्यावर कार्ले फाट्याला येऊन बसला. डोंगरातला कोळसा असो की भात, ठेसनाकडं जायला कधी ना कधी इथून जावं लागेल, असा त्याचा हिशेब. रस्त्यालगत त्यानं एक मोठा रांजण पुरला आणि रोज भरला. लोकांना वाटलं बायकोच्या नावानं पाणपोई घातली. पाणी गाड्या थांबाव्यात म्हणून होतं.

तरी सगळ्याच थांबत नसत. म्हणून तो ऐकायचा. गाडी कुरकुरत आली की त्याला कळायचं, ही आपली नव्हे. अशा गाडीला तो हातानंच पुढं पिटाळायचा, कारण तिच्या आवाजात मागची मुकी गाडी निसटून जाईल याची त्याला धास्ती. मोटारींचा तर त्याला संताप यायचा. पहिलं वर्ष लोक हळहळले. दुसऱ्या वर्षी पोरं तोंडानं कुईकुई करून त्याला हूल देऊ लागली. तिसऱ्या वर्षी ती पोरंही कंटाळली. भाऊ दोन वेळची भाकरी पाठवायचा. परड्यात लेथवर गोणपाट पडलं होतं, आणि दांडीवर बयाबाईच्या हातानं झालेली झिलई अजून तशीच होती. त्याला बघायला जाववत नसे.

उन्हाळा आला की त्याची तगमग वाढायची. कुठं गाडी उलटली असं कानावर आलं की तो चालत तिथं जाऊन यायचा. प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाची चूक निघायची. परत येताना तो एकच गोष्ट मनात घोळवायचा. सातवी गाडी सापडली, तुंबे जाळले, की वडगावला जायचं. अंबाजीच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, तू बरोबर होतास. त्याआधी कुठल्या तोंडानं जायचं? हातून अजून एक मरण मोकळं फिरत असताना माफी मागायची नाही, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

चौथ्या वैशाखात एक कोळशाची गाडी आली. कुरकुर अशी की कानाचे पडदे फाटावेत. कोंडाजीनं सवयीनं हात हलवला. पण बैलांना तहान लागली होती, ते रांजणापाशी अडले. गाडीवान उतरला. डोंगरातल्या वस्तीवरचा काळासावळा माणूस, नाव बहिरू. त्यानं बादलीनं बैलांना पाणी पाजलं, उरलेलं तापलेल्या चाकावर ओतलं. कोळशाची काजळी ओघळली. तुंब्यावर लोखंडी कडी होती, आणि कडीच्या कडेला दोन बारीक गोल रेघा. तिसरी कडीखाली गेली असणार.

कोंडाजी उठताना पडला. गुडघ्यांवर रांगतच तो चाकापाशी गेला. पलीकडच्या चाकालाही तसंच. प्रत्येक तुंब्याला दोन कड्या, तापवून चढवलेल्या. मधलं भोक किंकरीनं खरवडून सैल केलेलं. जुनी चीर होती, पण कड्यांनी आवळून ती मिटली होती. बैलाचं मोडकं शिंग त्यानं नंतर बघितलं.

"ह्ये कुनी क्येलं?"

"वडगावच्या सुतारानं," बहिरू म्हणाला. "कामशेतच्या खिंडीत बाई मेली न्हाई का, त्याच्या आठवड्यानं. त्यो म्हातारा रस्त्याला बसून समद्या गाड्यांचं तुंबं बगायचा. माजी बगितली आन् बैलच सोडलं. दोन दिस ठिवून घेतली, काय बी घेतलं न्हाई. म्हनला, आता ही बोलंल. बोलंल तवर भिऊ नगंस, गप झाली तर खाली उतर."

कोंडाजीनं कडीवर बोट टेकवलं. चार वर्षं. आठवडाभरातच ती गाडी धड झाली होती, आणि तो चार उन्हाळे इथं बसला होता.

"म्हातारा कुटं असतो आता?"

"ग्येला की. औंदाच्या थंडीतापात. बायको-पोरं ममईला ग्येली." बहिरूनं बादली गाडीला अडकवली. "सातवी गाडी कुनी हुडकतंय ह्ये त्याच्या कानावर ग्येलं, तवा माज्यासंगं सांगावा धाडला व्हता त्यानं. कार्ल्यात कोन कोंडाजी फिटर हाय, त्याला सांग, सातवी घावली, आता झोप म्हनावं. म्या हितं दोनदा थांबून इचारलं बी. तुमालाच इचारलं, बाबा. पयल्या सालीबी, म्होरल्या सालीबी. तुमी हात हलीवला आन् म्हनलात, गाडी हाक म्होरं, लय आवाज करती."

बहिरू गाडीवर चढला. "त्यो कोंडाजी घावला तर तुमीच सांगा त्याला," तो म्हणाला आणि बैलांना हाक दिली. गाडी ठेसनाच्या वाटेला लागली. कुरकुर मळवलीच्या वळणापर्यंत ऐकू येत होती. कोंडाजी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ती ऐकत होता, आणि मागून आलेली मोटार त्याच्यासाठी भोंगा वाजवत थांबली होती.